शिल्लक मालाची खोली

थापाड्याच्या कटिंगच्या दुकानात खुर्ची एकच. पण त्या खुर्चीतून निघालेली बातमी गल्लीभर फिरून संध्याकाळी परत दुकानात यायची, आणि येताना अंगानं चांगली भरलेली असायची. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावला की त्याला बोलता येत नाही, आणि गळ्याशी वस्तरा असला की मान हलवून नाहीही म्हणता येत नाही. थाप मारायला माणसाला आणखी काय लागतं?

एकदा त्यानं समोरच्या वेल्डरला सांगितलं होतं की पिवळ्या स्कूटरला आता पेट्रोल स्वस्तात मिळणार, शाळेच्या बसला मिळतं तसं. वेल्डरनं दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या हातानं स्कूटर पिवळीधमक केली आणि पेट्रोलपंपावर जाऊन भांडला. ती स्कूटर अजून पिवळीच आहे. ती दिसली की थापाड्याचा दिवस चांगला जायचा.

पण हल्ली ती स्कूटर दिसली तरी थापाड्याला हसू फुटत नव्हतं. कारण त्याच्या घराच्या मागच्या अंगाला चार भिंती आणि वर एक स्लॅब उभा होता, आणि बाकी काहीच नव्हतं. दार नाही, खिडकी नाही, गिलावा नाही, खाली नुसती माती. त्या चार भिंतींत मांजर व्यायला आलं, तेही आत बघून परत गेलं.

ती खोली आक्कासाठी होती. आक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, वडील गेले ते कर्ज मागं ठेवून. आक्कानं हॉस्पिटलात नर्सची नोकरी धरली, वडिलांचे हप्ते फेडले, भावाला शिकवायचा प्रयत्न केला, आणि तो काही शिकत नाही म्हटल्यावर त्याला ही खुर्ची आणि हा आरसा घेऊन दिला. स्वतःचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "हप्ते संपेपर्यंत स्थळं संपली." आता ती रिटायर होत होती, आणि हॉस्पिटलच्या आवारातली क्वार्टर महिनाअखेर सोडायची होती.

"माझ्याकडे यायचं," थापाड्यानं जाहीर केलं होतं. "मागं खोली बांधतो. वेगळं दार, वेगळी बाथरूम. माझं तोंडसुद्धा बघायला नको."

"ते उत्तमच," आक्का म्हणाली. "पण एक ऐकून ठेव. कर्ज काढायचं नाही, उधारी ठेवायची नाही. कर्जाच्या घरात झोप कशी लागते ते मला माहितीय. मला नुसता वास जरी आला ना, तर उंबऱ्यातूनच मागं फिरेन. लेडीज होस्टेलात एक कॉट बघून ठेवलीय मी."

"कॉट?"

"दोन बायकांच्या मधली. त्यातली एक घोरते म्हणे. दुसरीला ऐकू येत नाही, त्यामुळे तिची काही तक्रार नाही."

कर्जाची गरजही नव्हती तेव्हा. थापाड्यानं वर्षानुवर्षं डब्यात पैसे टाकले होते, गवंड्याला बसवून खर्चाचा अंदाज घेतला होता, आणि अंदाज बरोबर डब्यात मावत होता. फक्त डबा होता तेवढाच राहिला, आणि भाव मात्र वयात आलेल्या पोरासारखे महिन्या-महिन्याला उंच व्हायला लागले.

सिमेंट-सळईच्या दुकानात शेठ गल्ल्यावर बसायचा, कानाला फोन लावून.

"शेठ, काल तर वेगळा भाव सांगितलात!"

"काल कालचा होता. आत्ता आत्ताचा सांगतो. पण आधी चहा नको. चहा होईपर्यंत कंपनीचा फोन येतो."

"सळई विकताय का दागिने?"

"दागिने अडीअडचणीला मोडता तरी येतात, राजे. सळई एकदा स्लॅबात गेली की गेली."

आणि गेलीच. स्लॅब झाला आणि डब्याचा तळ दिसला. गवंड्याच्या मजुरीचे पैसे थापाड्यानं आधीच बाजूला काढले होते, ते तेवढे शिल्लक. पण गवंडी नुसता हात घेऊन येतो, त्या हाताखाली काही द्यायला नको? गवंडी दोन दिवस चहा पिऊन गेला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माल आला की हाक मारा," आणि थापी पिशवीत घालून निघाला.

"आक्कांना खरं काय ते सांगून टाका," बायको म्हणाली.

"सांगितलं की काय होईल? म्हणेल, माझा फंड आलाय, घे त्यातला. मी नाही म्हणणार. मग ती जाईल त्या घोरणारीच्या शेजारी. जन्मभर तिनं माझ्यासाठी केलं, आणि शेवटी तिला मी काय दिलं, तर कॉट!" असं म्हणून तो दुकानातला जुना टॉवेल शोधायला माळ्यावर चढला. चढला आणि त्याच्या पायावर एक खोका आदळला.

खोक्यात फरश्या होत्या. स्वतःच्याच बाथरूमच्या उरलेल्या. थापाड्या अंगठा चोळत त्यांच्याकडे बघत बसला आणि बघता बघता त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

फरशी बसवणारा कारागीर कुठलाही असो, निघताना सांगतोच, चार जास्तीच्या घेऊन ठेवा, पुढंमागं फुटली तर हा रंग परत मिळायचा नाही. त्या कधी फुटत नाहीत. त्या माळ्यावर जातात आणि तिथंच म्हाताऱ्या होतात. म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घरात फरश्या पडून असणार. कुठं अर्धं पोतं सिमेंट, कुठं काढून ठेवलेलं दार, कुठं ग्रिल. अख्खी खोली गल्लीच्या माळ्यावर पडली होती! फक्त ती खाली कशी उतरवायची?

नुसतं मागितलं असतं तर? पण मागणं थापाड्याला जमत नव्हतं. थाप मारायला त्याची जीभ कधी अडली नाही. "मला जरा मदत करा" म्हणायची वेळ आली की तिला पॅरॅलिसिस व्हायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत पोस्टमास्तर बसले होते. ते पोस्टातून रिटायर झालेले, म्हणून गल्ली त्यांना पोस्टमास्तर म्हणायची. खरं तर ते तिथं तिकिटं विकायचे. थापाड्यानं त्यांच्या तोंडाला नाकापर्यंत फेस लावला आणि मग आवाज खाली आणला.

"मास्तर, सर्व्हे येतोय. बाहेर बोलू नका. घराघरांत शिरून बघणार आहेत. ज्याच्याकडे बांधकामाचा शिल्लक माल सापडेल, त्याचं बांधकाम चालू आहे असं धरणार आणि घरपट्टी वाढवणार. भाव बघताय ना बाजारात? त्या भावानं धरणार."

फेसातून मास्तरांचे दोन डोळे गोल झाले.

"या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मला आतून कळलंय. तुमच्याकडे काही नसेलच म्हणा."

"अं! अं!" मास्तरांनी चादरीखालून बोट वर केलं.

"आहे? अरेरे. मग असं करा, माझ्याकडे आणून टाका. माझं तर चालूच आहे बांधकाम, मोजलं तर मोजू दे. उलट मी बसवूनच टाकतो. बसवलेला माल शिल्लक धरत नाहीत."

दुपारपर्यंत बातमी गल्लीच्या टोकाला जाऊन आली. संध्याकाळी मास्तर स्वतः हातगाडीवर अर्धं पोतं सिमेंट घेऊन हजर. "दोन वर्षं पडलंय रे घरात. ने बाबा, माझी घरपट्टी वाचव."

त्यांच्या मागून शिवणकाम करणाऱ्या वहिनी आल्या. दुकानाशेजारीच त्यांचं मशीन चालायचं आणि तोंड मशीनच्या वर चालायचं. त्यांनी हिरव्या फरश्यांचे खोके आणले, एकावर एक.

"आमच्या स्वयंपाकघरातल्या उरल्यात, भावजी. लवकर घ्या, मला सर्व्हेची नुसती धडकी भरलीय."

"घाबरू नका वहिनी, मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणून तर!" वहिनी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून घाईनं निघून गेल्या. बिचाऱ्या फारच घाबरल्यात, थापाड्याला वाटलं.

वेल्डर ग्रिल घेऊन आला. "जुनं आहे. कुठल्याशा गिऱ्हाइकानं नेलंच नाही." थापाड्यानं ते उचललं तर हाताला काळा रंग लागला, ओला. त्यानं हात पँटला पुसला आणि मनात म्हणाला, पिवळी स्कूटर ती पिवळी स्कूटर, आणि वर हे ग्रिल! या माणसाला देवानं माझ्यासाठीच घडवलंय.

मग कुणी निळ्या फरश्या आणल्या, कुणी विटकरी, कुणी चौकटीसकट दार. दार मापात असं बसलं की जणू भिंतीतल्या मोकळ्या जागेचं माप घेऊनच केलंय. दोन वर्षांच्या सिमेंटचं पोतं गवंड्यानं फाडलं, तर आतून पिठासारखा माल भुरभुर बाहेर आला. सिमेंट दोन वर्षं पडून राहिलं की त्याचा दगड होतो, हे थापाड्याला चांगलं माहीत होतं. पण ज्या माणसाला आपल्याच थापेची नशा चढलेली असते, त्याला पोत्यातलं दिसत नाही. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की अख्खी गल्ली एका दमात गुंडाळली, आपल्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं काम झालं, आणि वाईट याचंच की ते कुणाला सांगता येणार नाही.

बायकोला मात्र सांगितलं.

"सगळ्यांना शेंडी लावलीत?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना."

"एकालाही संशय नाही आला?"

"अगं, कला लागते त्याला."

"हो, लागते खरी," बायको म्हणाली आणि पोळी लाटता लाटता उगीचच हसली.

खोली झाली. फरशी अशी की खाली बघावं तर दिवाळीतली शिंप्याची चिंधी-पेटी कुणी उपडी केल्यासारखं — नाही, ते वहिनींनी ऐकलं असतं तर त्या रागावल्या असत्या. गवंड्यानं मन लावून रंग जुळवले होते. मधे हिरवा चौकोन, भोवती निळा, कडेनं विटकरी. खिडकीतून ऊन आलं की ते रंग भिंतीवर चढायचे.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला आणि आक्काचा टेम्पो आला. एक ट्रंक, एक गादी, कुंडीतली तुळस नाही पण कढीपत्त्याचं रोप, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी ताठ बसलेली आक्का. मदतीला म्हणून गल्ली जमली. आक्का खोलीच्या दाराशी आली, चप्पल काढायला वाकली, आणि तेवढ्यात मागून आवाज आला:

"या घराचे मालक कोण?"

वळून बघतात तर एक माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल, हातात मोजायची टेप. चष्म्यावरून बघत होता. "सर्व्हे," तो म्हणाला. "शिल्लक बांधकाम साहित्य."

आपण हवेत सोडलेली गोष्ट शर्ट घालून समोर उभी राहिली, असं थापाड्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"मी... मीच मालक, साहेब."

साहेब आक्काच्या अंगावरून वाकून आत बघायला लागला. "हिरवी फरशी. कुठून घेतली? पावती?" टेप सर्रकन बाहेर आली. "विटकरी. ही पण पावतीशिवाय? ग्रिल कुणाचं? दार कुणाचं? अहो, एवढा सगळा माल दुसऱ्यांच्या नावावरचा दिसतोय. खोली सील करावी लागेल."

आक्का सरळ झाली. चप्पल एका पायात, दुसरी हातात. "दुसऱ्यांच्या नावावरचा म्हणजे?" तिनं भावाकडे बघितलं. वॉर्डात ताप लपवणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं. "उधारी केलीस?"

"नाही गं आक्का, उधारी नाही!"

"मग? चोरी?"

"तसं नाही!"

आक्कानं चप्पल खाली ठेवली आणि पायात घातली. "टेम्पोवाल्याला थांबव," ती शांतपणे म्हणाली. तिनं खरंच पाठ फिरवली.

तेव्हा थापाड्याच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर पडलं. "आक्का, थांब! पैसे संपले गं! भाव वाढले, स्लॅबात सगळं गेलं, तुला सांगायची हिंमत झाली नाही. मग मी या सगळ्यांना थाप मारली की सर्व्हे येणार आहे, आणि यांचा माल काढून घेतला. साहेब, यांची काही चूक नाही, मला काय करायचं ते करा. पण असा सर्व्हे बिर्व्हे काही नाहीच मुळी! मीच बनवलाय!"

"सर्व्हे नाही?" साहेबानं चष्मा काढला. "मग मी कोण?"

"ते मला काय माहीत!"

आधी वहिनींचं हसू फुटलं. मग मास्तरांचं. वेल्डर तर आपल्या पिवळ्या स्कूटरच्या सीटवर आडवाच पडला. "माझा साडू आहे तो!" तो ओरडला. "बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो! ए, ते ओळखपत्र उलटं कर, दाखव त्यांना!" ओळखपत्रावर खरोखरच बँडच्या टोपीतला फोटो होता.

थापाड्यानं ते ओळखपत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं.

"अरे शहाण्या," मास्तर डोळे पुसत म्हणाले, "सगळं छान रचलंस. पण सर्व्हे रविवारी? सरकारी माणूस रविवारी स्वतःच्या घरातला नळसुद्धा मोजायला उठत नाही. मी विशीपासून साठीपर्यंत सरकारी होतो, मला सांगतोस? फेसाखाली मी हसत होतो, तुला वाटलं घाबरलो."

रविवार! तारीख ठरवताना त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. आक्काचा टेम्पो येणार तो दिवस तोंडातून निघून गेला होता. आणि आज साहेब रविवारीच आला, तेव्हाही त्याच्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता.

"गवंडी यायचा बंद झाला, तेव्हाच गल्लीला काय कळायचं ते कळलं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सरळ मागाल म्हणून वाट बघत होतो. तुम्ही थाप मारलीत. म्हटलं, बरं, यांना असंच घ्यायचं असेल तर असंच देऊ."

थापाड्याच्या डोळ्यांसमोर एकदम वहिनींचं स्वयंपाकघर आलं. रोज चहा प्यायला तो तिथं उंबऱ्यात बसायचा. "वहिनी... तुमच्या स्वयंपाकघरात तर साधा कोबा आहे. सिमेंटचा. फरशी बसवलीच नाहीत तुम्ही कधी!"

"मग? उरल्या म्हणाले ना मी. सगळ्याच उरल्या."

"या भावात? विकत आणल्यात?"

"शेठकडून. कुणाची खोली ते सांगितलं त्याला. तो म्हणाला, आक्कांची का? मग आज कंपनीचा फोन लागत नाहीये, जुन्याच भावानं न्या."

आता हसणं थांबलं, कारण आक्का अजून चप्पल घालून उंबऱ्याबाहेर उभी होती. "हे बरोबर नाही," ती म्हणाली. "फरशी विकत घ्यायची आणि माझ्या पायाखाली घालायची. मला नाही चालायचं. काय झाले ते सांगा, माझ्या फंडातून देते."

"देणार?" वहिनी पुढं आल्या. "मग आधी माझं देणं घ्या. आमचे हे तुमच्या वॉर्डात होते तेव्हा ड्यूटी संपली तरी माझ्यासाठी घरून चहाचा थर्मास आणायचात. रोज. कपाचा काय भाव लावू?"

"चहाचे काय पैसे घेतात होय?"

"आणि माझा डोळा?" वेल्डर स्कूटरवरून उठला. "ठिणगी गेली होती. डॉक्टर येईपर्यंत माझं डोकं मांडीवर धरून बसल्या होतात, आणि मी लहान पोरासारखा बोंबलत होतो. त्याचं बिल कुठंय?"

"बोंबलत होतास खरा," आक्का म्हणाली.

मास्तरांच्या बायकोच्या पाठीच्या जखमांचं ड्रेसिंग करायला आक्का सुट्टीच्या दिवशी बसनं यायची, बायकोनं डोळे मिटले त्या दिवसापर्यंत. मास्तरांनी फक्त दार आत ढकललं, पूर्ण उघडेपर्यंत.

आक्कानं चप्पल काढली, दोन्ही, आणि भिंतीशी नीट जोडून ठेवली. अनवाणी आत गेली. एका फरशीवर उभी राहिली. "ही कुणाची?"

"आमची," कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला.

दुसरीवर. "आणि ही?" अशी ती सगळ्या खोलीभर चालत, विचारत फिरली, आणि दारातून एकेक जण हात वर करून सांगत राहिला. शेवटी खिडकीशी पोचली, ग्रिलला हात लावला आणि भावाकडे वळली.

"म्हणजे सगळ्या गल्लीची खोली आहे ही. तुझं काय आहे रे यात?"

"भिंती," थापाड्या पडक्या आवाजात म्हणाला. "आणि स्लॅब."

"हं. भाव वाढले नसते तर नुसत्या तुझ्याच खोलीत राहावं लागलं असतं मला." आणि आक्का गादी टाकायला जागा बघू लागली. "तो ट्रम्पेटवाला कुठं गेला? ट्रंक उचल म्हणावं, मोजून झालं असेल तर."

वहिनींच्या घरी ओळीनं चहा झाला. थापाड्या कोब्यावर मांडी घालून बसला होता आणि सारखा त्या उघड्या सिमेंटवरून हात फिरवत होता. सगळ्यांना काहीतरी म्हणायला हवं, हे त्याला कळत होतं. जीभ हलत नव्हती.

सोमवारी सकाळी पोस्टमास्तर खुर्चीत येऊन बसले. थापाड्यानं फेस लावला, नाकापर्यंत, नेहमीपेक्षा जाड. वस्तरा गळ्याशी नेला. आणि मग आवाज खाली आणून, आरशात न बघता, बोलायला लागला. की आक्का सकाळी उठली आणि म्हणाली, किती वर्षांनी अशी गाढ झोप लागली. की पंधरा मिनिटं ती नुसती खिडकीपाशी उभी होती. की तो दिवा बंद करून अंधारात बराच वेळ जागा होता आणि एकेका घराचं नाव घेत होता. की त्याला कधी कुणाचे आभार मानता आले नाहीत, आणि आता गिऱ्हाइकाचं तोंड बंद आहे म्हणूनच जमतंय, तर मास्तर, मनापासून, तुमचे, वहिनींचे, त्या पिवळ्या स्कूटरवाल्याचे, सगळ्यांचे. मग त्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि टॉवेल उचलून उगीच झटकला.

मास्तरांनी तोंड धुतलं, पुसलं, आरशात हनुवटी बघितली.

"यातलं खरं किती?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"मग असं करत जाऊ नकोस बाबा एकदम," मास्तर चादर झटकत उठले. "आम्हाला सवय नाही. रोज थोडं थोडं सांगत जा."